लाल दिव्याचा डबा

लूना विकून वीरभद्र चालत घरी आला, तेव्हा गंगासागर भाकरी थापत होती आणि थापता थापता गात होती. तो दारातच थांबला. चपला न वाजवता काढायच्या, भिंतीला टेकायचं आणि ऐकायचं, हे त्याचं लग्नापासूनचं, म्हणजे अकरा वर्षांचं व्रत होतं. पण रोज लूनाचा फटफटाट गल्लीच्या तोंडालाच त्याची वर्दी द्यायचा आणि आतलं गाणं तिथंच तुटायचं. नवऱ्यापुढे काय, कुणाही माणसासमोर गाण्याची या बाईला भारी लाज. आज लूनाच नसल्यामुळे त्याला दोन ओव्या जास्त ऐकायला मिळाल्या. मग त्याचा पाय उंबऱ्याला लागला आणि आतून नेहमीचा सवाल आला, "च्या ठिऊ का?"

दिंद्रुडच्या पेठेत वीरभद्रचा 'गंगासागर फोटो स्टुडिओ' होता. गावाला वाटे की नाव तीर्थाचं आहे, आणि त्यानंही कधी खुलासा केला नाही. पासपोर्ट फोटो, जोडप्यांचे फोटो, बारशाचे फोटो यांवर घर बरं चाललं होतं. पण शहाण्णव साल उजाडलं आणि जो तो 'शूटिंग'ची भाषा बोलू लागला. लग्नाला यायचं तर शूटिंगवाला आहे का ते आधी विचारायचं, आणि असेल तर नवी साडी नेसून यायचं, अशी रीत पडली. साध्या फोटोवाल्याला मांडवात लोक "जरा सरका" म्हणू लागले.

ही झाली धंद्याची गोष्ट, आणि वीरभद्र लोकांना तेवढीच सांगायचा. खरी गोष्ट वेगळी होती. माजलगावचे केबलवाले आप्पाराव दुपारी अर्धा तास आसपासच्या हौशी मंडळींच्या गाण्यांच्या कॅसेटी दाखवत. त्यांत कुणीतरी पोरगी धरणाच्या भिंतीवर ओढणी उडवत फिरायची आणि गाणं मागून वाजायचं. ते बघताना वीरभद्रला धरण दिसायचं, पण पोरीच्या जागी हिरव्या लुगड्यातली गंगासागर दिसायची. गळा तिचाच, तोंड तिचंच, आणि खाली पाटीवर नाव तिचंच. या एका चित्रासाठी तो वर्षानुवर्षं झुरत होता. लाजेपायी हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, तिलासुद्धा नाही.

बीडला बसस्टँडजवळच्या दुकानात दोन कॅमेरे होते. एक खांद्यावर घ्यायचा, चांगला हातभर लांब. त्याची किंमत ऐकून वीरभद्रनं पाणी मागितलं. दुसरा तळहातावर मावेल एवढा. दुकानदार भला माणूस होता. तो म्हणाला की चित्र धाकट्याचंच साफ येतं, मोठ्याचा नुसता तोरा आहे. वीरभद्र तीन वेळा एसटीनं बीडला गेला, तिन्ही वेळा मोठा खांद्यावर घेऊन आरशात बघितलं आणि हात हलवत परत आला. चौथ्या वेळी लूना आणि तिच्या जोडीला शिल्लक घालून त्यानं धाकटा आणला.

दुसऱ्याच दिवशी तो कॅमेरा घेऊन सुंदररावांच्या आडतीवर गेला. सुंदरराव कापसाचे व्यापारी. त्यांच्या शिवकन्येचं लग्न वैशाखात ठरलं होतं आणि नवरदेव थेट आष्टी तालुक्यातल्या कड्याचा होता. वीरभद्रनं मोठ्या दिमाखात रुमाल बाजूला केला. सुंदररावांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि कॅमेरा चिमटीत धरून फिरवून बघितला.

"वीरभद्रा, हे काय हाय?"

"व्हिडिओ कॅमेरा, अप्पा. जपानी हाय."

"मला वाटलं दाढीचं सामान हाय. आरं, कड्याच्या पाव्हण्यांनी थोरल्याच्या लग्नात खांद्यावरचा आणलता. मागं वायर धरायला येगळा माणूस. आन् मी असलं खुळखुळं दाखवू का त्यांना? खांद्यावरचा असंल तर सांग, न्हाई तर मी बीडचा शूटिंगवाला बघतो."

चित्र साफ येतं, हे वीरभद्रनं तीनदा सांगून पाहिलं. पण सुंदररावांना चित्र नंतर दिसणार होतं आणि कॅमेरा आधी दिसणार होता. बाजारात सगळीकडे हेच ऐकू आलं. शूटिंगवाला म्हणजे खांदा वाकलेला माणूस, अशी लोकांची पक्की समजूत झालेली होती.

मार्ग काढला उत्तरेश्वरनं. उत्तरेश्वर म्हणजे वीरभद्रचा वर्गमित्र, स्टुडिओला लागूनच त्याचं पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या करायचं दुकान. त्यानं कॅमेऱ्याला मोजायचा टेप लावला, मग वीरभद्रच्या खांद्याला लावला.

"कॅमेरा मोठा करता येत न्हाई बे," तो म्हणाला, "पर डबा पाह्यजे तेवढा मोठा करता येतो."

चार दिवसांत डबा तयार झाला. पत्र्याचा, काळा रंग दिलेला, आत गादीच्या कापसात कॅमेरा घट्ट बसवलेला आणि वरून चार स्क्रू. पुढं काचेसाठी भोक, मागं डोळा लावायला वीतभर नळी. आत बटणाला बोट पोचेना, म्हणून लूनाची जुनी ब्रेकची वायर कामाला आली. बाहेरून खिट्टी ओढली की आत बटण दाबलं जायचं. एकदा ओढली की चालू, परत ओढली की बंद. कॅमेरा चालू असताना पुढच्या बाजूला ज्वारीएवढा लाल दिवा लागे. तेवढ्यानं रुबाब यायचा नाही, म्हणून उत्तरेश्वरनं त्यावर सायकलच्या मडगार्डची लाल काच बसवली. आता दिवा लागला की समोरच्याला गल्लीच्या टोकावरून दिसावा. बाजूला पांढऱ्या रंगानं इंग्रजीत 'व्हिडिओ' लिहिलं, त्यात एक अक्षर कमी पडलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

पहिला प्रयोग अर्थातच घरी झाला. दुपारची वेळ, दार लावलेलं. त्यानं गंगासागरला भिंतीपाशी बसवलं आणि समजावून सांगितलं की हा लाल दिवा लागला म्हणजे आपण कॅसेटीच्या आत चाललो, विझला म्हणजे बंद. मग खिट्टी ओढली. गंगासागरनं दिव्याकडं बघितलं, तोंड उघडलं आणि मिटलं. परत उघडलं, परत मिटलं. तिसऱ्या वेळी तिला ठसका लागला.

"त्यो दिवा डोळं वटारल्यावानी बघतोय माज्या तोंडाकडं," ती म्हणाली. "घसाच बसतोय. ऱ्हाऊ द्या."

त्यानं दिवा विझवला. ती उठून भांडी घासायला गेली. तो स्टुडिओत गेला असेल असं तिला वाटलं आणि पाचच मिनिटांत मोरीवरून गाणं सुरू झालं, स्वच्छ, मोकळं, राखेच्या हातानं. वीरभद्र मांडीवर डबा घेऊन खोलीत बसून राहिला. ज्या गळ्यासाठी लूना विकली तो गळा दहा पावलांवर होता आणि डब्यात येत नव्हता. तो अगदी रडायच्या बेताला आला.

सुंदररावांना मात्र डबा पसंत पडला. त्यांनी तो स्वतःच्या खांद्यावर घेऊन वजन पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली.

लग्नाच्या दिवशी नवरदेव मारुतीच्या देवळापासून घोड्यावर निघाला. पुढं बँड, त्याच्यापुढं उलटा चालणारा वीरभद्र. त्यानं डबा खांद्यावर घेतला, नळीला डोळा लावला आणि खिट्टी ओढली. ओढल्यावर आत 'टक' असं वाजायचं, ते बँडच्या दणदणाटात ऐकू आलं नाही. वायर अडकली असेल असं वाटून त्यानं पुन्हा ओढली. घोटाळा जो झाला तो इथं झाला. पहिल्या ओढीला कॅमेरा चालू झाला होता, दुसऱ्या ओढीला बंद झाला. लांब नळीतून चित्राचा मधला भागच दिसायचा. कोपऱ्यात चालू-बंदचं काय लिहून येतं ते त्याला दिसत नव्हतं, आणि दिवा तर होता पुढच्या बाजूला. वीरभद्रनं पूर्ण वरात मन लावून बंद कॅमेऱ्यानं टिपली. मग बंद करायचा म्हणून खिट्टी ओढली आणि चालू झालेला डबा बगलेत मारून मांडवात आला. तिथून पुढं सगळं उलटं होत गेलं.

लग्न लावायला स्वामी आले, मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. एवढ्या वेळात वीरभद्र घामानं भिजला, पण खांदा हलू दिला नाही. कड्याचे पाहुणे आपापसात डब्याकडं बोट दाखवत होते, आणि सुंदरराव ते बघून मिशीत हसत होते. अक्षता पडल्यावर त्यानं खिट्टी ओढली, डबा पडवीत सरकीच्या पोत्यावर टेकवला आणि पत्रावळ घेऊन पोत्यामागं जेवायला बसला.

तो बुंदीला हात घालतो न घालतो तोच पोत्यापलीकडं बायका येऊन बसल्या. मधे शिवकन्या होती. पाठवणीला अजून तास होता, पण तिचं रडणं आधीच सुरू झालं होतं. गंगासागर पडवीच्या तोंडाशी आली, तिथं क्षणभर थांबली, आणि मग तिच्याजवळ बसली.

"गंगाकाकू, दळताना म्हणायच्या ते म्हणा ना," शिवकन्या म्हणाली. "दाराआडून ऐकत आले. परत कवा ऐकू?"

आता काकू नाही म्हणणार, हे वीरभद्रला ठाऊक होतं. पण काकूंनी गळा साफ केला.

"कडा गाव दूरदेशी, मधी वाट गं घाटाची
वाट बघीन लेकी मी, तुज्या पहिल्या पंचिमीची..."

वीरभद्रचा घास हातातच राहिला. अकरा वर्षांत ती पहिल्यांदा माणसांत गात होती. डबा हाताच्या अंतरावर होता. त्याचा हात खिट्टीपर्यंत गेला. मग त्याला तो घरातला ठसका आठवला. दिवा लागला की ती गप्प होणार, आणि हे गाणं शिवकन्येच्या वाटणीचं होतं. त्यानं हात मागं घेतला. इतकी वर्षं जे मागितलं ते समोर आलं असताना त्यानं ते आपल्या हातानं सोडून दिलं, आणि बुंदी खारट लागेपर्यंत तो खाली मान घालून बसून राहिला.

लग्नात एकच गालबोट लागलं. व्याह्यांच्या नव्याकोऱ्या करकरत्या चपला मांडवातून गेल्या. सुंदररावांनी सगळा वाडा पालथा घातला, चपला मिळाल्या नाहीत. व्याही अनवाणी जीपमध्ये बसले आणि जाताना म्हणाले की दिंद्रुडकरांनी लेक दिली आन् चपला ठिऊन घेतल्या. हे वाक्य सुंदररावांच्या जिव्हारी लागलं. त्या रागातच त्यांनी वीरभद्रला अडवलं. आमच्या लेकीचं लग्न आमच्याआधी गावानं बघायचं नाही, चार दिवसांनी लेक-जावई मांडवपरतणीला येतील तेव्हाच डबा उघडायचा, असं म्हणून त्यांनी डबा आडतीच्या तिजोरीत घालून कुलूप लावलं. कॅसेट कशी आली ते बघायची वीरभद्रची सोय त्या कुलपात गेली.

चौथ्या दिवशी दुपारी सुंदररावांच्या माडीवर घोंगड्या अंथरल्या. पुढं लेक-जावयाबरोबर आलेले व्याही आणि त्यांचे मेहुणे मोहनराव, मागं शिवकन्या आणि बायका, दारात उत्तरेश्वर, कारण डबा आपलाच आहे असं तो गावभर सांगत होता. वीरभद्रनं स्क्रू काढले, कॅमेरा टीव्हीला जोडला आणि सुरू केला.

पडद्यावर घोड्याचं तोंड क्षणभर दिसलं आणि गेलं. मग धूळ. मग पाय. खूप पाय. चालणारे, थांबणारे, एकमेकांना तुडवणारे पाय, आणि सगळे तिरपे.

"हे आदी असतंय का?" सुंदररावांनी विचारलं.

वीरभद्रनं कॅसेट पुढं पळवली. पायच पळू लागले. मांडवाचा खांब, एक कुत्रं, सांडलेल्या अक्षता, आणि मग एकदम पोत्याची शिवण. वरात नव्हती, मंगलाष्टकं नव्हती, नवरा-नवरीचं तोंडसुद्धा नव्हतं. त्याच्या डोळ्यांपुढं स्टुडिओची पाटी खाली उतरताना दिसली. गाव आता त्याला पासपोर्ट फोटोलाही बोलावणार नव्हतं. कड्याचे पाहुणे आधी खोकले आणि मग उघड हसू लागले. सुंदररावांचं तोंड तांबडं झालं.

"मागं घे," मागून गीताबाई म्हणाल्या. गीताबाई म्हणजे शिवकन्येची आई. त्या एरवी व्याह्यांपुढं बोलत नसत. "पळवू नको. जसं हाय तसं दाव."

त्यानं कॅसेट मागं घेतली. हळूहळू लोक पाय ओळखू लागले. हे मामाचे, भेगांवरून. हे पैंजण शिवकन्येच्या मैत्रिणीचं. बघता बघता सगळ्यांना त्याचा नाद लागला. तेवढ्यात पडद्यावर मांडवाच्या दाराशी काढलेल्या चपलांचा ढीग आला आणि त्यात मधोमध व्याह्यांच्या करकरत्या चपला. डावीकडून दोन पाय आले. उजव्या अंगठ्याला ठेच लागलेली, त्यावर हळदीची पिवळी चिंधी. त्यांनी आपल्या झिजक्या वहाणा ढिगात ढकलल्या, नव्या चपलांत शिरले, जरा दाबून पाहिल्या आणि करकर वाजवत निघून गेले.

माडीवरच्या सगळ्या माना एकदम वळल्या. मोहनरावांनी पाय धोतराखाली ओढून घेतले, पण पिवळी चिंधी तेवढी बाहेर राहिली.

"इंचू असतेत चपलीत, म्हणून बघत होतो," मोहनराव पुटपुटले.

आपल्याच मेहुण्याची ही तऱ्हा पाहून व्याह्यांनी तोंड खिडकीकडं फिरवलं. सुंदररावांनी मात्र वीरभद्रच्या पाठीवर अशी थाप दिली की तो टीव्हीवर आदळता आदळता वाचला. कड्यात कुणाच्या खांद्यावर असला कॅमेरा आहे का, असं त्यांनी दोनदा मोठ्यानं विचारलं. चहा आला, आणि वीरभद्रच्या बशीत दोन बिस्किटं जास्त आली.

कॅसेट चालूच होती. पोत्याच्या शिवणीच्या वर आता बायकांच्या पायांची रांग दिसत होती. शिवकन्येचे आळता लावलेले पाय आणि शेजारी दुसरे, साध्या जोडव्यांचे. आणि मग गाणं आलं. पडद्यावर तोंड कुणाचंच नव्हतं, पण त्या साध्या जोडव्यांचा अंगठा ओवीबरोबर हळूहळू वरखाली होत होता, पंचमीच्या शब्दावर थांबत होता आणि परत सुरू होत होता. वीरभद्र बघतच राहिला. गाताना तिचा अंगठा ताल धरतो, हे त्याला अकरा वर्षांत कळलं नव्हतं. चोरून ऐकणारा माणूस भिंतीकडं बघत असतो, त्याला पाय कुठून दिसणार. शिवकन्येचं रडणं ऐकू आलं, मग तिचा आवाज, "आई जेवली का गं कुणी बघितलं का?" आणि तिथं कॅसेट संपली.

गीताबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्या उठल्या, वीरभद्रपुढं हात केला आणि कॅसेट मागितली.

"काकू, दुसरीवर उतरून घेतो आन् देतो," तो म्हणाला. "मला बी पाह्यजे ती."

"पंचमीला लेक परत येईस्तोवर मी कुणाच्या हातात देणार न्हाई. माज्या लेकीनं जेवणाचं इचारलंय त्यात."

कॅसेट गीताबाईंच्या पेटीत गेली. ती लावायचा कॅमेरा मात्र वीरभद्रपाशी होता, त्यामुळे त्यांना ऐकावंसं वाटेल तेव्हा त्यानं डबा घेऊन यायचं असं ठरलं. धाकटीच्या लग्नातही हेच पायांचं शूटिंग करायचं, असं सुंदररावांनी जाहीर केलं.

दिवस कलता दोघं घरी निघाले. लूना नव्हती, म्हणून पायी. वीरभद्रच्या खांद्यावर कॅसेट काढून घेतलेला डबा, चार पावलं मागं गंगासागर.

"नशीब बघ," तो पुढं बघत म्हणाला. "दिवा बंद हाय समजून तू म्हणलीस, आन् त्यो निघाला चालू."

"बंद कशाचा? चालू होता की," ती म्हणाली. "एवढी लाल काच बसवलीय, दिसणार न्हाई का?"

तो थांबला.

"नवरदेव आला तवापासून बघतेय मी. डबा खांद्यावर घेतला की दिवा इझायचा, बगलंत मारला की लागायचा."

"आन् मला सांगितलं न्हाई? लोकांचं सगळं लग्न गेलं की."

"कसं सांगू? भरल्या मांडवात नवऱ्याला नावानं हाक मारू का? तुमी तर वळून बघंनात." तिनं पदर सारखा केला. "तुमी जेवायला बसल्यावर सांगायलाच आलते पडवीत. बघितलं तर दिवा लागलेला. आन् डबा बघत होता माज्या पायाकडं. तोंडाकडं न्हवता. मंग... बसले."

आपण हात मागं घेतला ते बरं झालं, खिट्टी ओढली असती तर दिवा विझला असता, एवढंच त्याच्या मनात आलं. तिलाही आत जायचं होतं, त्याच्याइतकंच, आणि दोघांनी अकरा वर्षांत एकमेकांना ते सांगितलं नव्हतं.

तो पुढं चालू लागला. डबा त्यानं खांद्यावरून काढून बगलेत घेतला, तोंड मागं, जमिनीकडं. तिनं पुढची लाल काच बघितली. दिवा नव्हता, आत कॅसेटच नव्हती. तरी पेठ मागं पडली तशी तिनं हलक्या आवाजात सुरू केलं, घाटाची वाट आणि पहिली पंचमी. रस्ता खडीचा होता आणि वीरभद्रच्या चपला वाजत होत्या. त्यानं वळून न बघता त्या काढल्या, हातात घेतल्या आणि घरापर्यंत अनवाणी गेला.